किमान वेतन देताना या चुका टाळा

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४८ चा किमान वेतन कायदा रद्द झाला. तरी कितीतरी दुकानांत, हॉटेलांत, वर्कशॉपमध्ये पगार जुन्याच आकड्यावर चालू आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकदा दर बघायचा आणि वर्षानुवर्षे तोच द्यायचा. महाराष्ट्रात मूळ दर क्वचित बदलतात, पण महागाई निर्देशांकानुसार ठरणारा विशेष भत्ता आजवर दर जानेवारी आणि जुलैत बदलत आला आहे. त्या महिन्यांचा पगार काढण्याआधी कामगार आयुक्तालयाचे नवे दर बघा. आपलं परिमंडळ (दरासाठी आपला भाग ज्या गटात येतो तो) आणि कामगाराची श्रेणी, म्हणजे कुशल, अर्धकुशल की अकुशल, हेही तपासा. लेथ चालवणाऱ्याला मस्टरवर ‘हेल्पर’ लिहिलं म्हणून तो अकुशल होत नाही. हा सरळ अन्याय आहे.

‘आमचा धंदा जुन्या कायद्याच्या यादीत येत नाही’ ही सबबही आता संपली. किमान वेतनाचा हक्क सगळ्याच कामगारांना मिळाला आहे.

पगाराची फोड करताना घरभाडे, प्रवास असे भत्ते फुगवले जातात. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेल्या अशा भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरली जाते. समजा २०,००० रुपयांत मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ८,००० आणि बाकी भत्ते १२,००० आहेत. मग वेतन १०,००० धरायचं. किमान दराशी तुलना या आकड्याची करा, २०,००० ची नव्हे.

जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागतो, चहा-नाश्त्यावर भागत नाही. माणसं ठेकेदाराची असली आणि त्याने पैसे बुडवले, तर जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते. म्हणून त्याचं बिल चुकतं करण्याआधी पगारपत्रक मागा.

फरक निघालाच तर महिनावार तक्ता करा, थकबाकी बँकेतून द्या आणि पगारपावतीवर ती वेगळी दाखवा. कामगाराला तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. पैसे दिल्याचं सिद्ध करणंही मालकाकडेच असतं, त्यामुळे पावतीविना रोख देऊ नका. काम सोडून जाणाऱ्याचा हिशेब तर दोन कामकाजी दिवसांत पूर्ण करायचा आहे.