कंचेभागुबेव सी भाषेत पुरत नाही

बेरीज, गुणाकार, भागाकाराचे ऑपरेटर तुम्हाला येतात, ते मी सांगत बसत नाही. तिथे शाळेतलं कंचेभागुबेव बरंचसं निभावून नेतं. घोटाळा होतो तो & (दोन्ही संख्यांत १ असलेले बिट, म्हणजे बायनरी अंक, तेवढे ठेवणारा) आणि == (दोन बाजू सारख्या आहेत का ते पाहणारा) एका ओळीत आले की. अशा एका ओळीपायी माझे चार दिवस गेले, आणि अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

पहिल्या नोकरीत मी आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवर पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर करत होते. टाकीत तीन फ्लोट स्विच, पाणी पोचलं की उचलले जाणारे. तळाचा उचलला गेला की १, मधला २, वरचा ४, आणि तिघांची बेरीज 'स्थिती' या व्हेरिएबलमध्ये. म्हणजे टाकी रिकामी असेल तर ०, मग १, मग ३, पूर्ण भरली की ७. वरचा फ्लोट उचलला गेला की मोटर बंद करायची होती. इफच्या कंसात मी लिहिलं:

स्थिती & ४ == ४

वाचताना वाटतं, आधी चारचा बिट वेगळा काढला आणि मग तो चार आहे का ते पाहिलं. कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, असं वाचत नाही. सी आणि सी++ मध्ये == चा मान & च्या आधी. त्यामुळे आधी ४ == ४ सुटतं, उत्तर खरं, म्हणजे १. मग उरतं स्थिती & १. मी वरच्या फ्लोटबद्दल विचारत होते आणि प्रोग्रॅम तळाचा फ्लोट बघत होता.

खरी मेख पुढे आहे. ऑफिसात मी बादलीत टेस्ट केली. तिन्ही फ्लोट बाहेर, मोटर चालू. तिन्ही एकदम बुडवले, मोटर बंद. ० आणि ७ ला चुकीची ओळही बरोबरच उत्तर देते! फरक पडतो १ आणि ३ ला, आणि ते मी तपासलेच नव्हते. साइटवर तळाला वीतभर पाणी चढलं की मोटर बंद. मी फ्लोट दोनदा बदलले, रिले बदलला, वायरिंग उसवून पुन्हा केलं. कोड 'टेस्ट झालेला' म्हणून त्याच्याकडे पाहिलंच नाही.

सुटका दोन कंसांत होती: (स्थिती & ४) == ४.

जीसीसी कंपायलर नेमकी इथेच कंस घालण्याची वॉर्निंग देऊ शकतो. पण आर्डुइनोच्या आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वॉर्निंग्ज मुळात 'नन'वर असतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 'ऑल' करा. हे टाळू नका, उद्यावर ढकलू नका.

माझ्या तेव्हाच्या सीनियरचा सल्ला होता, प्राधान्यक्रमाचा तक्ता पाठ कर. सीच्या तक्त्यात पंधरा पातळ्या. केला पाठ, इंटरव्ह्यूपलीकडे कामी आला नाही. पायथॉनमध्ये & हा == च्या आधी सुटतो, त्यामुळे तीच ओळ तिथे बरोबर चालते. पांडाज या पायथॉनच्या डेटा लायब्ररीत मात्र दोन अटी जोडताना वय > १८ & गुण < ३५ असं लिहिलंत तर आधी १८ & गुण सुटायला जातं. पाठांतराचा हा असा विचका होतो. माझं मत पक्कं आहे: कंस घाला, आणि 'एवढे कंस कशाला' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

तुम्ही इथे अडकला असाल तर स्वतःला कच्चं समजू नका. सीच्या आधीच्या बी भाषेत && ('दोन्ही अटी खऱ्या आहेत का' विचारणारा ऑपरेटर) नव्हताच. दोन अटी a == b & c == d अशा धाटणीनेच लिहीत, म्हणून & प्राधान्यक्रमात खाली असणं तिथे सोयीचं होतं. && नंतर आला, पण जुना कोड बदलताना त्रास नको म्हणून & ची जागा तीच ठेवली. ही क्रमातली उणीव आहे हे सीचे कर्ते डेनिस रिची यांनी स्वतः लिहिलं आहे. गो भाषेत & थेट गुणाकाराच्या पंक्तीला बसवला आहे.

आता मी तीन बिटांची अट लिहिली की ० ते ७ आठही आकडे घालून बघते. पाच मिनिटं लागतात. बादलीत फ्लोटही एकेक करून बुडवते, तळाचा आधी.