एओएचा अभ्यास: आधी ‘एन’ म्हणजे काय ते ठरवा, आणि या चुका टाळा

मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला एओए, म्हणजे ‘अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम’ येतो. विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या पोरं कुठल्या पद्धतीला एन घटकांसाठी ढोबळमानाने किती पायऱ्या लागतात, याचा तक्ता घोकतात: मर्ज सॉर्ट (क्रम लावणं) एन लॉग एन, बायनरी सर्च (दर वेळी निम्मी यादी सोडत शोधणं) लॉग एन. तक्ता बरोबरच असतो. पण वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्सटर्नलने ‘लिंक्ड लिस्टवर बायनरी सर्च केला तर?’ एवढं विचारलं की तोंडाला कुलूप. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक घटक फक्त पुढच्याचा पत्ता ठेवतो, म्हणून तिथे मधल्या घटकापर्यंत थेट उडी मारता येत नाही, हे तक्त्यात नसतं.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे ‘दोन लूप दिसले, लिहा एन वर्ग’. लूप म्हणजे तोच कोड पुन्हापुन्हा फिरवणं. समजा, बाहेरच्या लूपमध्ये आय हा मोजणीचा आकडा १ पासून सुरू होतो, दर फेरीला दुप्पट होतो आणि एनपर्यंत जातो. आतला लूप आय वेळा फिरतो. बरेच जण एन वर्ग लिहितात, थोडे हुशार एन लॉग एन. बेरीज मांडा: १ + २ + ४ + ८ करत एनपर्यंत गेलात तरी ती २एनच्या आतच राहते. उत्तर नुसतं एन. हीप, म्हणजे वरचा घटक नेहमी खालच्यांपेक्षा मोठा असलेलं झाड, बांधण्याचंही हेच. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या नोट्समध्ये बिनदिक्कत एन लॉग एन छापलेलं असतं. खालून वर बांधताना निम्मे घटक तळाची पानं असतात, ते हलतच नाहीत. साधारण पाव घटक फार तर एक पायरी उतरतात. बेरीज एनच्या पटीतच थांबते. एकेक घटक घालत हीप बांधलात, तर मात्र वर्स्ट केसला (सगळ्यात वाईट इनपुटला) एन लॉग एन खरं.

‘बिग ओ म्हणजे वर्स्ट केस’ हेही सोडून द्या. वर्स्ट केस म्हणजे कुठला इनपुट घेतला. बिग ओ म्हणजे त्यातून आलेल्या फंक्शनची वरची मर्यादा. इन्सर्शन सॉर्टच्या बेस्ट केसलाही बिग ओ लावता येतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७६ साली ओ (वरची मर्यादा), ओमेगा (खालची) आणि थीटा (दोन्ही) यांचे अर्थ नीट वेगळे करून मांडले, तरी पेपरात तिन्हींची खिचडी चालूच आहे.

मास्टर थिअरम, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या (रिकर्सिव्ह) पद्धतीचा वेळ काढायचा तयार नियम, सगळीकडे लावू नका. एन आकाराच्या इनपुटला लागणारा वेळ टी(एन) = २टी(एन/२) + एन लॉग एन घ्या. एन लॉग एन हे एनपेक्षा मोठं आहे, पण एनच्या घाताने मोठं नाही, त्यामुळे मूळ तीन केसपैकी एकही बसत नाही. रिकर्शन ट्री काढा, म्हणजे प्रत्येक पातळीचं काम मांडून बेरीज करा. उत्तर एन गुणिले लॉग एनचा वर्ग.

आता ज्यावरून सगळं अडतं ते: एन म्हणजे काय? ०/१ नॅपसॅक म्हणजे डब्ल्यू इतकंच वजन पेलणाऱ्या पिशवीसाठी एन वस्तूंमधून जास्तीत जास्त मोलाच्या निवडणं. त्याचं डीपी (छोट्या प्रश्नांची उत्तरं टेबलात साठवत जाणं) एन गुणिले डब्ल्यू वेळ घेतं. मग ते पॉलिनॉमियल (वेळ इनपुटच्या आकाराच्या ठरावीक घाताइतकाच वाढणारं) झालं आणि नॅपसॅक सोपा, असं वाटतं. पण डब्ल्यू लिहायला लागतात मोजके अंक. त्यात ३ शून्यं वाढवा, टेबल हजारपट होतं. इनपुटचा आकार अंकांत मोजायचा, संख्येच्या मूल्यात नाही. मूळ संख्या तपासायला वर्गमुळापर्यंत भागत जाणं म्हणूनच महाग: २० अंकी संख्येला ढोबळमानाने हजार कोटींपर्यंत भागाकार. अंकांच्या हिशोबाने पॉलिनॉमियल असलेली खात्रीची पद्धत २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.

एनपी म्हणजे ‘नॉन-पॉलिनॉमियल’ नव्हे. पॉलिनॉमियल वेळात सुटतात ते प्रश्न पी; दिलेलं उत्तर तेवढ्या वेळात तपासता येतं ते एनपी. पीमधला प्रत्येक प्रश्न एनपीतही असतो. रिडक्शनची (एका प्रश्नाचं दुसऱ्यात रूपांतर करण्याची) दिशाही उलटी पडते. नवा प्रश्न अवघड दाखवायचा, तर आधीच अवघड ठरलेला प्रश्न नव्यात रूपांतरित करायचा. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली २१ प्रश्न असेच एनपी-कम्प्लीट, म्हणजे एनपीतले सगळ्यात अवघड, दाखवले. उलट केलंत तर एवढंच सिद्ध होतं की अवघड प्रश्नाचं उत्तर काढणारं यंत्र तुमचा प्रश्नही सोडवेल.

प्रॅक्टिकलला उत्तर जुळत नसेल तर एन दुप्पट करून वेळ बघा. चौपट झाला तर कुठेतरी एन वर्ग आहे. पायथनमध्ये रिकर्सिव्ह बायनरी सर्च लिहिताना लिस्टचा तुकडा कापून पुढे पाठवलात, तर तो तुकडा दर वेळी कॉपी होतो. निम्मे, मग पाव, असे मिळून जवळपास एन घटक हलतात आणि लॉग एनचं सर्च लिनिअर होऊन बसतं. कापू नका, सुरुवातीचा आणि शेवटचा इंडेक्स पाठवा.