ड जीवनसत्त्वाची पुडी फोडण्यापूर्वी

ही पुडी आपण कशासाठी घेत आहोत, हे आधी ठरवावे, कारण त्या उत्तरावरच पुराव्याचे वजन अवलंबून आहे. मुडदूस झालेले मूल किंवा कमतरतेमुळे हाडे मऊ पडलेली प्रौढ व्यक्ती यांना ड जीवनसत्त्वाने गुण येतो, याविषयी वाद नाही. आईच्या दुधात ते फार थोडे असल्याने तान्ह्या बाळांनाही रोज ४०० आययू (जीवनसत्त्व मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) थेंबांतून देतात.

मात्र हृदयविकार किंवा कर्करोग टळावा, एवढ्यासाठी ते घ्यायचे असेल तर पुरावा निराश करतो. अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० आययू आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी सुमारे पाच वर्षे देण्यात आली. दोन्ही गटांत हृदयविकार आणि कर्करोग यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, आणि २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार अस्थिभंगही कमी झाले नाहीत. या लोकांची निवड कमतरता पाहून केलेली नव्हती. त्यामुळे ज्याच्या रक्तात हे जीवनसत्त्व खरोखरच तळाला गेले आहे, त्याने या निकालावरून औषध बंद करू नये.

रक्तातील ड जीवनसत्त्वाच्या तपासणीबाबतही हात आखडता घ्यावा. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये निरोगी प्रौढांच्या सरसकट तपासणीस अनुकूलता दाखवली नाही. अहवालात २४ हा आकडा ‘कमी’ म्हणून ठळक छापलेला दिसला की घरात धावपळ होते. वास्तविक हाडांसाठी बहुतेकांना २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरतात.

आपल्याकडे खरा घोळ मात्रेत होतो. निरोगी प्रौढाची रोजची गरज ६०० आययू, तर दुधात ढवळून घेतात त्या पुडीत ६०,००० आययू, म्हणजे शंभर दिवसांचा साठा. ती सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. म्हणून पहिली पुडी घेण्याआधीच खोक्यावर सगळ्या तारखा पेनाने लिहाव्यात, घेतलेली तारीख खोडावी आणि शेवटची खोडल्यावर दुकानदाराकडून पुन्हा आणू नये. ती पोटभर जेवणानंतर घ्यावी. स्निग्ध पदार्थांसोबत ती चांगली शोषली जाते.

एकदम मोठी मात्रा म्हणजे जास्त फायदा, असेही नाही. सत्तरी ओलांडलेल्या ऑस्ट्रेलियन स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० आययू दिल्यावर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. पुड्या चालू असताना सतत तहान, मळमळ, बद्धकोष्ठता जाणवू लागल्यास त्या थांबवून रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे.