काउंट चांगला, तरी दिवस राहत नाहीत? शुक्रजंतूंचा डीएनए असा तपासून घ्या

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या प्रयोगशाळेत मी वीर्यतपासणी करतो. "काउंट सहा कोटी हाय की सर, मग अडचण काय?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. काउंट म्हणजे शुक्रजंतूंची संख्या, आणि मिलीलिटरला सहा कोटी हा आकडा उत्तमच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख दिली आहे. पण शुक्रजंतूच्या डोक्यातला डीएनए धड आहे की तुटका, हे काउंट आणि हालचाल बघून कळत नाही. तोवर घरात गोळ्या, सोनोग्राफी, नवस सगळं सुनेच्याच वाट्याला आलेलं असतं. मला ते सहन होत नाही, म्हणून हे लिहितोय.

शुक्रजंतू घडताना डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो ती हिस्टोन नावाची बहुतेक प्रथिनं निघून जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामीन येतात. मागावरच्या कांडीवर सूत घट्ट भरावं तसा डीएनए दाबून बसतो. ही भरणी सैल राहिली की तो लवकर तुटतो. पक्व शुक्रजंतूला ही तूटफूट दुरुस्त करता येत नाही. स्त्रीबीज थोडीफार दुरुस्ती करतं, पण बायकोचं वय वाढलं की तीही ताकद कमी होते.

ही तपासणी पहिल्याच भेटीत मागू नका. आधी साधी वीर्यतपासणी होऊ द्या. वारंवार गर्भपात होत असतील, आययूआय (वीर्य गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) पुन्हापुन्हा फसत असेल, अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असतील, म्हणजे व्हेरिकोसील असेल, तर डॉक्टरांकडे विषय काढा.

आता नमुन्याचं, कारण इथेच रिपोर्ट बिघडतो. संबंधात 2 ते 7 दिवसांचा खंड हवा. जास्त दिवस थांबलं तर माल चांगला साठतो, असा समज आहे. काउंट वाढतोही, पण साठून राहिलेल्या शुक्रजंतूंचा डीएनए जास्त तुटतो. शक्यतो प्रयोगशाळेतच नमुना द्या. घरून आणायचा तर आम्ही दिलेल्याच डबीत, तासाभराच्या आत. मे महिन्यात गाडीच्या डिकीत डबी ठेवून अक्कलकोट रोडवरून उन्हात येऊ नका, शर्टाच्या आत अंगालगत धरा. थुंकी, साबण, तेल, साधा निरोध यांतलं काही वापरू नका. सुरुवातीचा भाग सांडला तर लाजू नका, सांगा. सर्वांत जास्त शुक्रजंतू त्यातच असतात. मागच्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड असा जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. तापानंतर डीएनएची तूटफूट काही काळ वाढलेली असते.

तपासण्या दोन जातीच्या. ॲनिलिन ब्ल्यू भरणी बघते: काचपट्टीवर रंग दिला की हिस्टोन उरलेली डोकी निळी दिसतात, पक्व डोकी जवळजवळ रंग घेत नाहीत. तूटफूट बघायची तर हॅलो पद्धत. शुक्रजंतू जेलमध्ये बसवून आधी आम्लाने, मग प्रथिनं काढणाऱ्या द्रावणाने धुतात. डीएनए शाबूत असेल तर डोक्याभोवती मोठं वलय पसरतं; तुटका असेल तर वलय लहान, नाहीतर नाहीच. एससीएसए या तूटफूट मोजणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत ॲक्रिडीन ऑरेंज या रंगाने शाबूत डीएनए हिरवा आणि तुटका तांबडा चमकतो, आणि यंत्र हजारो शुक्रजंतू मोजतं.

रिपोर्ट हातात आला की डीएफआयच्या, म्हणजे तुटक्या डीएनएच्या शुक्रजंतूंच्या, टक्क्याआधी पद्धतीचं नाव वाचा. एससीएसएमध्ये 15 पर्यंत बरं, 30 च्या वर चिंता, असं साधारण धरतात. दुसऱ्या पद्धतीचा आकडा याच मापाने मोजता येत नाही. आणि 30 च्या वर म्हणजे मूल होणारच नाही, असं मुळीच नाही. ते वाचून रात्रभर न झोपलेले नवरे मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

मग कारण शोधायचं. सिगारेट, बिडी, मावा आधी बंद. व्हेरिकोसील असेल तर सर्जनना दाखवा. नमुन्यात पांढऱ्या पेशी जास्त असतील तर संसर्ग आहे का ते बघतात. अंडकोषांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं. सायझिंगमध्ये (सुताला खळ देण्याच्या कारखान्यात) किंवा बेकरीच्या भट्टीपुढे काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका, त्यांनी शुक्रजंतूंची निर्मितीच थांबू शकते. अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्यांचा पुरावा मात्र कच्चा आहे.

पंधरा दिवसांत पुन्हा तपासून काही हाती लागत नाही. शुक्रजंतू घडायला सुमारे 74 दिवस लागतात, वर बाहेर येईपर्यंतचे काही दिवस. तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने, तितक्याच दिवसांच्या खंडाने तपासा. तरीही आकडा चढाच राहिला तर थेट अंडकोषातून शुक्रजंतू घेऊन इक्सी, म्हणजे एकेक शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडणं, करायची का, हे डॉक्टर ठरवतील. त्या बोलण्याला दोघांनी मिळून जा, दोन्ही रिपोर्ट घेऊन.