नवरीच्या बुकेची रिबीन: या चुका टाळा

नाताळ उलटला की आमच्या वसईत चर्चमधल्या लग्नांची रांग लागते. मग कुणाची तरी बहीण किंवा मैत्रीण रात्री अकराला फोटो पाठवते, ‘रिबीन सारखी सुटतेय, काय करू?’ फोटो न बघताही मी सांगते, देठ ओले आहेत. दहापैकी आठ वेळा तेच निघतं.

ओल्या देठांवर रिबीन बांधू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या भाचीला पांढऱ्या डच गुलाबांना मरून सॅटिन हवी होती. दादरहून आणलेली फुलं रात्रभर बादलीत होती. मिस्सा, म्हणजे चर्चमधला लग्नाचा विधी, दुपारी चारची, तीन वाजले तरी माझं काम चालूच. देठ फडक्याने नुसते झटकले आणि रिबीन गुंडाळली. पोरगी बुके पोटाशी धरून गाडीत बसली. मिस्सा झाल्यावर ती मारियामातेच्या पुतळ्यापाशी फुलं ठेवायला गेली, तेव्हा गाऊनवर बोटभर लांब लालसर डाग दिसला. अल्बममध्ये तो आजही आहे आणि पान उलटताना माझा जीव कासावीस होतो.

तेव्हापासून माझी सवय अशी. फुलं बांधण्याआधी अर्धा तास पाण्याबाहेर काढायची. जुन्या सुती पंच्याने एकेक देठ पुसायचा. हो, वीस गुलाब असतील तर वीसही. मग फ्लोरल टेप, म्हणजे देठ एकत्र बांधायची, ताणली की चिकटणारी पट्टी, चांगली ताणत दोन थर गुंडाळायची. ती न ताणता लावली तर चिकटतच नाही आणि लोक टेपलाच नावं ठेवतात. रिबीन त्यानंतर. खाली दोन इंच देठ उघडे ठेवायचे, म्हणजे निघेपर्यंत बुके ग्लासात बोटभर पाण्यात उभा राहतो. निघताना देठ पुन्हा पुसायचे. रिबीन गडद रंगाची असेल तर आधी तिचा तुकडा भिजवून पांढऱ्या रुमालात दाबून बघा. रंग उतरला तर ती रिबीन घेऊ नका, कितीही सुंदर असो.

दुसरी चूक रिबीन पक्की करायच्या मोत्याच्या टाचण्यांची. त्या सरळ आडव्या खुपसल्या की टोक पलीकडून बाहेर येतं. नवरी घाबरलेली असते, मूठ घट्ट आवळते आणि अंगठ्याला टोचतं. टाचणी तिरकी, फुलांच्या दिशेने वर जाईल अशी घाला, टोक देठांच्या आत राहतं. शेवटी डोळे मिटून मूठ वरून खाली दोनदा फिरवा. काहीही लागलं तर ती टाचणी काढून परत घाला. ‘एवढं कोण बघतंय’ असं म्हणणाऱ्यांना मी बुके करायला बसवतच नाही.

ग्लू गनने, म्हणजे गरम गोंदाच्या पिस्तुलाने, देठांवर रिबीन चिकटवू नका. ओलाव्यावर ती टिकत नाही, आणि गरम थेंब पाकळीवर पडला तर पाकळी काळवंडते. व्हिडिओत अर्ध्या मिनिटात होतं ते चर्चच्या दारापर्यंतही टिकत नाही.

बोसाठी, म्हणजे रिबिनीच्या फुलपाखरासारख्या गाठीसाठी, दोन्ही बाजूंनी चकाकणारी सॅटिन घ्या. एका बाजूची घेतली की लोंबती टोकं उलटतात आणि फोटोत फिकी पाठ दिसते.

टोकं तिरकी कापा. पॉलिएस्टरची रिबीन असेल तर मेणबत्तीच्या ज्योतीजवळून हलकेच न्या, धागे सुटत नाहीत. रेशमाला मात्र ज्योत दाखवू नका.

रिबीन अगदी मोजकी आणू नका. देठांच्या मुठीला एक इंच रुंदीची दोन मीटर पुरते, बोसाठी वेगळी एक मीटर, आणि वर मी नेहमी एक मीटर जास्त घेते.

त्या उरलेल्या मीटरमधला अर्धा तुकडा, चार टाचण्या आणि छोटी कात्री करवलीच्या पर्समध्ये द्या. गाडीतून उतरताना बो गाऊनच्या लेसमध्ये अडकतो, आणि तेव्हा चर्चच्या पायरीवर दुसरं काहीही मिळत नाही.