गावाच्या रस्त्याची देखभाल ठेकेदाराकडून कशी करून घ्यावी

शाखा अभियंता म्हणून माझी ३१ वर्षं रस्त्यांवर गेली, त्यातली बरीचशी कोयनेच्या खोऱ्यात. निवृत्त झालो तरी लोक खड्ड्यांचे फोटो घेऊन घरी येतात आणि विचारतात, "साहेब, निधी कधी येणार?" रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर निधीची वाट बघू नका. काम पूर्ण झाल्यापासून ५ वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते आणि तिची रक्कम त्याच्या निविदेतच धरलेली असते.

आधी रस्त्याच्या सुरुवातीचा फलक वाचा. ठेकेदाराचं नाव, लांबी आणि मुख्य म्हणजे काम पूर्ण झाल्याची तारीख वहीत उतरवा. फलक पडला असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत ३० दिवस. करारनामा, पूर्णत्वाचा दाखला आणि देखभालीची आजवरची देयकं, एवढंच मागा. एका वाडीतली माणसं माझ्याकडे आली तेव्हा त्यांच्या रस्त्याच्या देखभालीची ५ वर्षांची मुदत संपून पंधरा दिवस झाले होते. त्यांना तसंच परत पाठवावं लागलं, ते मला अजून लागून राहिलंय.

मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन सगळा रस्ता चाला. उन्हाळ्यात खड्डा दिसतो, तो का पडला ते पावसातच कळतं. साइडपट्टी गवत-मातीने डांबरापेक्षा उंच झाली की पाणी उतरत नाही, रस्त्यावरच साचतं. रस्त्याखालच्या मोरीचं तोंड गाळाने बुजलं की पाणी रस्त्यावरून वाहतं. असं पाणी मुरलं की खडीवरचं डांबर सुटतं आणि एसटीच्या चाकाखाली खडी उखडते. लोक तक्रारीत फक्त खड्डे लिहितात. ठेकेदार खड्डे बुजवतो आणि पुढच्या पावसात ते तिथेच पडतात. म्हणून अर्जात पहिली ओळ गटार, मोरी आणि साइडपट्टीची हवी. ही कामंही देखभालीतलीच आहेत, उपकाराची नाहीत.

जागा नेमकी लिहा. "शाळेजवळ" नको, "किलोमीटर १ च्या पुढे ४०० मीटर, डावी बाजू" असं लिहा. फोटो जोडा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि उपअभियंत्याच्या कार्यालयातून आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. या योजनेच्या रस्त्यांसाठी 'मेरी सडक' हे ॲपही आहे, तिथेही फोटो टाका.

काम सुरू झालं की दोघांनी तिथे उभं राहा. खड्डा चौकोनी कापून, माती झाडून, तळाला आणि कडांना डांबर लावून मगच मिश्रण भरायचं, वरून रोलर किंवा निदान हाताने ठोकायची धुमस. भर पावसात मुरूम टाकला तर तात्पुरतं म्हणून चालेल, पण उघडीप झाल्यावर पक्कं काम होईल असं लेखी घ्या. देखभालीचं देयक अभियंत्याच्या पाहणीवर ठरतं, म्हणून तुमचं पत्र पाहणीआधी त्याच्या हातात पडायला हवं.

पाचव्या वर्षी मुदत संपायच्या सहा महिने आधी अभियंता, ठेकेदार आणि गावकरी यांची संयुक्त पाहणी मागा. त्या दिवशी गावातल्या बायकांनाही बोलवा. मोरीवरून पाणी कुठपर्यंत चढतं ते डोक्यावर हंडा घेऊन चालणारीला ठाऊक असतं.