कुंडीतली झुडूप मिरी कुजायला लागली, मग काय केलं (माझा अनुभव)

आमचं घर गुहागरला, जागा कमी, माडावर वेल चढवायची आणि मग शिडी लावून मिरी काढायची हे आता आईला जमत नाही, म्हणून मी तीन कुंड्यांत झुडूप मिरी लावली. ही आडव्या, फळं धरणाऱ्या फांदीच्या छाटापासून करतात, त्यामुळे वर न चढता बुटकीच राहते.

पहिला जून बरा गेला, आणि जुलैत पानांवर काळे ओले डाग, चार दिवसात पानं गळायला लागली. मला वाटलं खत कमी पडलं, शेणखत घातलं, आणखीच बिघडलं 😅 कुंडी उचलली तर खालचं भोक चिखलाने बुजलेलं, आणि वरून पागोळ्या थेट कुंडीत! म्हणजे मूळकूज, फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जंतूमुळे होणारी.

मग कुंड्या पडवीत घेतल्या, तळाला जांभ्याचे तुकडे, माती-वाळू-शेणखत समान भाग. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) १ टक्का घरीच केलं, १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, प्लास्टिकच्या बादलीत, आणि मोरचूदाचं पाणी चुन्यात ओतायचं, उलटं नको. लोखंडी खिळा बुडवून बघितला, तांबूस झाला, म्हणजे चुना कमी, चिमूटभर वाढवला. उघडीप बघून फवारलं, थोडं बुंध्यातही ओतलं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लगेच घालू नका, मोरचूदाने मरते.

तीनपैकी एक कुंडी गेलीच. दोघींना सप्टेंबरात नवी पालवी आली, आता तुरे लोंबतायत.